अप्पांच्या गालातला बार

प्रिय बाळ्या,

तीन वर्षं झाली, मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. आजही फोनच करणार होतो, पण तू पहिल्याच वाक्याला "मी तेव्हाच सांगितलं होतं" म्हणाला असतास आणि पुढचं बोलणं राहून गेलं असतं. आता ते तुला पोस्टाने म्हणावं लागेल.

माझं बीपी गोळीवर आहे. हिची शुगर तशीच. बाकी ठीक.

चिंगीचं लग्न ठरलं. ताईने हुकूम सोडलाय की हळदीच्या रात्री पडद्यावर अप्पा दिसले पाहिजेत, आणि नुसता भिंतीवरचा फोटो नको, हलणारे अप्पा पाहिजेत. हलणारे अप्पा जगात एकाच ठिकाणी आहेत, 2001 सालच्या ताईच्या लग्नाच्या कॅसेटीत. तू कॅमेरा घेऊन मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात, मी माझा घेऊन स्टेजवर, आणि मध्ये पक्या हजार वॅटचा हॅलोजन घेऊन लोकांचे डोळे जाळत फिरतोय.

कॅसेटी उतरवायला फायरवायरचं, म्हणजे त्या जुन्या कॅमेऱ्यांची वायर लावायचं भोक असलेला कॉम्प्युटर मिळेना. शेवटी शेट्याच्या माळ्यावरचा डबडा खाली काढला. एका तासाच्या कॅसेटचे तेरा जीबी, तासभर समोर बसून. तुझ्या पाठांतरातलं "लोअर फील्ड फर्स्ट", म्हणजे एकाआड एक ओळींतल्या खालच्या ओळी आधी, हे पहिल्यांदा विसरलो, तर अख्खी वरात थंडीतापाने कापत चालली होती.

आधी माझी कॅसेट लावली. आठवतंय ना, कॅमेऱ्यावर स्टिकर होता, 800 एक्स डिजिटल झूम? त्या स्टिकरसाठी मी तो घेतला आणि तू म्हणालास, आठशे पट काय, आठशे पट भोकं. अंतरपाटाच्या वेळी अप्पा लांब खांबाजवळ उभे होते. मी स्टेजवरून बटण दाबत गेलो. काचेचा झूम दहा पटीला संपला, पट्टी पुढच्या, डिजिटल झूमच्या रंगात गेली, मी दाबतोच आहे. काय आलं सांगू? गुलाबी फेट्याखाली चौकोनी फरशा, आणि हात हलतोय म्हणून फरशांचा भूकंप. आणि ते आता मागेही घेता येत नाही. कॅमेऱ्याने तेव्हाच मधला तुकडा ठेवला, बाकीचं फेकून दिलं.

तुझ्या कॅसेटीत अख्खा मंडप आहे. त्यात डावीकडे, खांबाला टेकून, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसणारे अप्पा. बाळ्या, तोंड नखाएवढं, पण मी लांबूनच ओळखले. ती एका पायावर भार टाकून उभं राहायची तऱ्हा!

आता माझा गाढवपणा ऐक. चिंगीचा साखरपुडा पप्याने फोर-केमध्ये काढलाय. एडिटिंगची टाइमलाइन 1920 बाय 1080 ठिपक्यांची, त्यामुळे दुप्पट आत गेलं तरी काही फुटत नाही. (पहिल्या दिवशी फुटलं. मी "स्केल टू फ्रेम साइज" देऊन ठेवलं होतं, म्हणजे चित्र आधी लहान केलं आणि ते लहान झालेलंच फुगवत बसलो. "सेट टू फ्रेम साइज" दिल्यावर पन्नास टक्क्यांवर बसलं आणि शंभरपर्यंत रान मोकळं.) त्या चैनीची इतकी सवय लागली की तुझ्या शॉटवरही मी तेच करायला गेलो. तो नुसता 720 बाय 576! फोर-केच्या एका फ्रेममध्ये असल्या वीस फ्रेमा मावतात. नुसती पडद्याची उंची भरायलाच 187 टक्के लागतात, त्याच्यावर मी चारशे दिले. अप्पांचं तोंड मूळचं चाळीस ठिपके रुंद. त्यात त्यांनी नेमकी मान वळवली, म्हणून एकाआड एक ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने मागेपुढे, तोंडाचा कंगवा झालेला. रंगाचे ठिपके तर आणखी निम्मेच, फेट्याचा गुलाबी कपाळावर ओघळलाय.

मग पप्या म्हणाला, काका, हे एआयला द्या. दिलं. रात्रभर मशीन गुरगुरत होतं. सकाळी अप्पा आले. स्वच्छ, तुकतुकीत, भुवई न् भुवई मोजून घ्यावी. पण डाव्या गालातला तंबाखूचा बार गायब! दोन्ही गाल सारखे. चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला काळा दोरा गेला, तिथे दुकानातली नवी काडी. पुढचा पडलेला दातही बसवून दिलाय, फुकट. जे चाळीस ठिपक्यांत नव्हतंच ते त्याने कुठून आणलं? कुणाकुणाच्या तोंडांवरून उचललं असणार.

ताईला दाखवलं. ती ढसाढसा रडली. म्हणाली, "किती छान दिसतायत रे अप्पा." मी गप्प.

ताईने खरे अप्पा पाहिलेत, ती भरून घेईल. चिंगीने पाहिलेच नाहीत. ती आयुष्यभर या गुळगुळीत माणसाला आजोबा म्हणणार आणि तो मी तिला दिलेला असणार. ही म्हणते, फार विचार करता, त्या हार्टच्या आकारातून नवरानवरी काढायचात तेव्हा कुठे गेला होता खरेपणा? मुद्दा आहे. तरी झोप लागत नाही.

काल एक करून पाहिलं. तुझा शॉट आहे तसा ठेवला, आठ सेकंदांत जेमतेम सव्वापट आत गेलो, अगदी सावकाश, खांबाच्या दिशेने. ताई म्हणाली, "यात अप्पा कुठायत?"

म्हणून लिहितोय. त्या दिवशी पंगतीला तू दुसरी कॅसेट घालून अप्पांच्या पुढ्यात जाऊन बसला होतास. मी ओरडलो होतो, कॅसेट फुकट घालवू नकोस, लांबून झूम मार. तू म्हणालास, झूम पायांनी मारायचा असतो. त्यावरून पैशांवर आलं आणि ती कॅसेट तू दिली नाहीस, मिक्सिंगमध्येही गेली नाही. चूक माझी होती, ते सहाशे रुपयेही माझ्याकडेच निघत होते.

आहे का ती? की तिच्यावर नंतर कुणाची मुंज काढलीस? असली तर तुझ्या त्या जुन्या प्लेअरमध्ये घालून बघू नकोस, टेप खाईल. तशीच कुरिअर कर. मुंज काढली असलीस तरी कळव, म्हणजे ताईशी काय ते बोलून टाकतो. हळद अठरा तारखेला.

गुडघा कसा आहे? नातीचं बारसं झालं म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्या