रस्त्यातला खड्डा आणि कलम ५८ : ब्रिटनच्या परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय हायडी अलेक्झांडर,
परिवहन मंत्री, लंडन

महोदया,

सादर नमस्कार.

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, रस्त्यावर खड्ड्यात आदळून ज्याच्या गाडीचे नुकसान होते, त्याला भरपाईसाठी आज त्याच काउन्सिलकडे अर्ज करावा लागतो, आणि तिथून नकार आला की न्यायालयात जाण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. ही पद्धत बदलावी, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. याची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. ते मराठीतही प्रसिद्ध करत आहे, कारण महाराष्ट्रातून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना पहिली गाडी घेतानाच एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), विमा आणि वाहनकर यांची माहिती व्हावीच लागते. रस्ता राखणाऱ्यावर कायद्याने काय बंधन घातले आहे, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

गाडीमालकावर जी जबाबदारी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. अर्नेस्ट मार्पल्स परिवहन मंत्री असताना १९६० साली एमओटी तपासणी सुरू झाली. ती प्रथम दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती, आणि १९६७ पासून तीन वर्षे झालेल्या बहुतेक गाड्यांना ती दरवर्षी करून घ्यावी लागते. ती चुकवली तर एक हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी भरली, तर दर टायरमागे अडीच हजार पाउंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण. टायर झिजल्याचे लक्षात आले नव्हते, ही सबब पोलिसांपुढे चालत नाही, आणि चालू नये, असेच माझे मत आहे. विमा बंधनकारक आहे आणि त्याच्या हप्त्यावर बारा टक्के कर आहे. २०१७ च्या एप्रिलनंतर नोंदलेल्या बहुतेक साध्या गाड्यांना २०२५-२६ साठी १९५ पाउंड वाहनकर पडला. हा पैसा १९३७ पासून रस्त्यांसाठी वेगळा राखला जात नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तो तसा राखावा असा माझा आग्रहही नाही, कारण रुग्णालये आणि शाळाही त्याच तिजोरीतून चालतात. मला एवढेच दाखवायचे आहे, की गाडीच्या बाबतीत कायदा मिलिमीटरच्या दशांशापर्यंत नेमका आहे आणि अज्ञानाला तिथे माफी नाही.

आता रस्त्याकडे पाहू. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम ४१ ने सार्वजनिक खर्चाने राखायचा रस्ता सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य संबंधित प्राधिकरणावर, म्हणजे बहुतेक रस्त्यांच्या बाबतीत काउन्सिलवर, घातले आहे. हा हक्क नागरिकांना सहज मिळालेला नाही. १९६१ च्या कायद्याने बदल होईपर्यंत, दुरुस्ती चुकीची केली तर प्राधिकरण जबाबदार असे, पण दुरुस्ती मुळीच केली नाही तर त्याच्यावर दावाच करता येत नसे. ते जुने संरक्षण संसदेने विचारपूर्वक काढून घेतले. त्याच वेळी प्राधिकरणाला बचावाची एक संधी ठेवली, आणि तीच आज कलम ५८ मध्ये आहे: परिस्थिती पाहता जेवढी काळजी घेणे वाजवी होते तेवढी आम्ही घेतली होती, एवढे सिद्ध केले की प्राधिकरण दायित्वातून सुटते. न्यायालयाने काय पाहायचे, हेही त्या कलमात सांगितले आहे. रस्ता कोणत्या प्रकारचा, त्यावर वाहतूक कोणती, त्याला देखभालीची कोणती पातळी योग्य, सामान्य माणूस तिथे कशा अवस्थेची अपेक्षा ठेवेल, धोक्याची माहिती प्राधिकरणाला होती का किंवा असायला हवी होती का, आणि दुरुस्ती होईपर्यंत इशारा देणारी पाटी लावली होती का.

वाचताना हे कलम न्याय्य वाटते आणि न्यायाधीशाच्या हाती ते न्याय्य आहेही. हजारो मैलांच्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा पडताक्षणी कुणालाही दिसणार नाही. अडचण अशी आहे, की बहुतेक दावे न्यायाधीशापर्यंत पोहोचतच नाहीत. घेतलेली काळजी पुरेशी होती की नाही, हे पहिल्यांदा काउन्सिल किंवा तिची विमा कंपनी ठरवते, आणि सामान्य माणसासाठी तोच निर्णय अखेरचा ठरतो.

माझ्या बाबतीत असेच झाले. जानेवारीतली रात्र, पाऊस, दिवे नसलेला बी-रोड (दुय्यम रस्ता) आणि पाण्याने भरल्यामुळे डबक्यासारखा दिसणारा खड्डा. पुढच्या डाव्या चाकाचे टायर फुटले, अ‍ॅलॉय रिम वाकली आणि गॅरेजमध्ये गाडी वर उचलल्यावर स्प्रिंगही मोडल्याचे दिसले. टायर, रिम, स्प्रिंग आणि ट्रॅकिंग (चाकांची जुळणी) मिळून खर्च विम्याच्या एक्सेसच्या, म्हणजे दाव्यात आपणच सोसायच्या रकमेच्या, थोडाच वर गेला. विम्याकडे मागणी केली असती तर हाती फारसे आले नसते, आणि वर्षानुवर्षे जमलेला नो क्लेम बोनस कमी झाला असता. म्हणून मी काउन्सिलकडे अर्ज केला, आणि छायाचित्रे, बिल, नकाशावरची जागा असे सारे जोडले. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आले, की रस्त्याची नियमित पाहणी झाली होती, त्या पाहणीत कारवाईयोग्य दोष आढळला नव्हता, सबब कलम ५८ नुसार दावा अमान्य. पाहणी कुणी केली, गाडीतून केली की पायी, त्या जागेबद्दल आधी कुणाची तक्रार आली होती का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात नव्हते. मला राग नकाराचा आला नाही. नकार योग्य होता की नाही हे तपासायला मला काहीच दिले गेले नाही, याचा आला.

महोदया, याच काउन्सिलने चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल मला दंड केला असता, तर काय झाले असते ते पाहावे. लंडनबाहेर हा दंड सहसा सत्तर पाउंडांपर्यंत असतो. तो मला अन्यायकारक वाटला, तर आधी काउन्सिलकडे हरकत घेता येते आणि ती फेटाळली गेली तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे जाता येते. तिथे कायदा जाणणारे स्वतंत्र निर्णयाधिकारी असतात, शुल्क एक पैसाही लागत नाही, काउन्सिलला आपला पुरावा मांडावा लागतो आणि निर्णय तिच्यावर बंधनकारक असतो. लंडनसाठीही असेच न्यायाधिकरण आहे. म्हणजे काउन्सिलने माझ्याकडून सत्तर पाउंड मागितले, तर तिचे म्हणणे तपासायला त्रयस्थ माणूस आहे. मी काउन्सिलकडून चारशे पाउंड मागितले, तर तो नाही. तेव्हा मला काउंटी कोर्टात दावा लावावा लागतो. तीनशे पाउंडांपर्यंतच्या दाव्याला ३५ आणि पाचशेपर्यंतच्या दाव्याला ५० पाउंड शुल्क आधी भरावे लागते, सुनावणीचे शुल्क वेगळे, आणि समोर रोज असेच दावे हाताळणारा कार्यालयीन विभाग असतो. इथे तात्पुरत्या नोकरीवर नव्याने आलेला, व्हिसाची मुदत मोजणारा माणूस कोर्टाचे नाव काढताच मागे फिरतो. कित्येक मराठी माणसांना मी असे करताना पाहिले आहे.

कारवाईयोग्य दोष म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. अनेक काउन्सिलांमध्ये रस्त्यावरचा खड्डा ४० मिलिमीटर खोल झाल्याशिवाय दुरुस्तीस पात्र धरला जात नाही. पण ही सर्वांना बांधणारी राष्ट्रीय मर्यादा नव्हे. २०१६ च्या मार्गदर्शक संहितेने जोखमीवर आधारलेली पद्धत सुचवली आणि पातळ्या ठरवण्याचे काम प्रत्येक प्राधिकरणावर सोपवले. ग्रामीण गल्लीला आणि शहरातल्या बस-मार्गाला एकच नियम लावू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तरी एका काउन्सिलच्या हद्दीत दोषी ठरणारा खड्डा पुढच्या हद्दीत निर्दोष ठरतो, आणि तो कोणत्या हद्दीत आहे हे अंधारात गाडी चालवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. सायकल आणि मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी तर चाळीस मिलिमीटर हा रिमचा प्रश्न नसून हाडांचा आणि कधी जिवाचा प्रश्न आहे.

काउन्सिलांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. इंग्लंडमधले सुमारे ९८ टक्के रस्ते त्यांच्याकडे आहेत, आणि वृद्धांची देखभाल व मुलांचे संरक्षण यांच्यावर खर्च केल्यानंतर त्यांच्याकडे फारसे उरत नाही. डांबर उद्योगाच्या संघटनेने २०२५ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या थकलेल्या दुरुस्तीचा खर्च १६.८१ अब्ज पाउंड धरला होता. ती संघटना डांबर विकणाऱ्यांची आहे, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायला हवा. पण सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसला डांबर विकायचे नाही, आणि त्याने जुलै २०२४ च्या अहवालात म्हटले, की स्थानिक रस्त्यांच्या अवस्थेची पुरेशी चांगली माहिती आपल्या परिवहन खात्याकडेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने ही अवस्था देशाला लाजिरवाणी ठरवली. आपल्या सरकारने २०२५-२६ साठी सुमारे १.६ अब्ज पाउंड दिले, आणि प्रत्येक प्राधिकरणाने आपल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध करावा, नाहीतर वाढीव निधीचा काही भाग रोखला जाईल, अशी अट घातली. ती अट मला त्या रकमेइतकीच महत्त्वाची वाटते.

मात्र त्या अहवालांत भरलेल्या खड्ड्यांची संख्या मोठ्या अभिमानाने येते, आणि संख्या फसवी असते. खड्डा पडण्याचे कारण साधे आहे. डांबराच्या भेगेतून पाणी आत जाते, थंडीत गोठून फुगते, वितळल्यावर खाली पोकळी राहते आणि वरून जाणाऱ्या चाकांनी पृष्ठभाग तुटतो. त्या खड्ड्यात पाणी असतानाच गरम डांबर टाकून फावड्याने चोपले, तर पुढच्या गारठ्यात तोच खड्डा पुन्हा उघडतो आणि पुन्हा भरला की यादीत दुसऱ्यांदा मोजला जातो. भेगा वेळीच बुजवणे आणि पृष्ठभागावर नवा थर देणे स्वस्त पडते, पण ते काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाणी, गॅस आणि इंटरनेटच्या कंपन्यांनी खणलेले चर हे आणखी एक मूळ आहे. १९९१ च्या कायद्याखाली नेहमीच्या चराच्या डागडुजीची दोन वर्षे हमी त्यांना द्यावी लागते; तिसऱ्या हिवाळ्यात तो चर खचला की खर्च पुन्हा काउन्सिलच्या माथी येतो.

मी ज्या राज्यातून आलो, तिथले रस्ते मी आदर्श म्हणून पुढे करणार नाही. पण तिथून आलेली एक गोष्ट आपल्या नजरेला आणून द्यावीशी वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती ठरवणाऱ्या समितीत महापालिका आयुक्तांच्या बरोबरीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना बसवले. रस्ता राखणाऱ्याने एकट्याने आपल्या चुकीचा निवाडा करू नये, हे तत्त्व त्या रचनेत आहे, आणि ते इंग्लंडमध्ये लागू करणे मुंबईपेक्षा अवघड नाही, कारण त्यासाठी वापरता येईल असे, पार्किंगच्या दंडांवरील हरकती ऐकणारे न्यायाधिकरण इथे आधीच उभे आहे.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी, की काउन्सिलने फेटाळलेला खड्ड्याचा दावा एका ठरावीक रकमेपर्यंत याच न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क नेता यावा, आणि कलम ५८ चा बचाव तिथे पुराव्यानिशी मांडणे काउन्सिलवर बंधनकारक असावे. त्यासाठी संसदेची मान्यता लागेल आणि वेळ जाईल, हे मी जाणतो. पण नकाराच्या प्रत्येक पत्रासोबत त्या जागेच्या पाहणीची नोंद आणि आधीच्या वर्षभरातल्या तक्रारी जोडाव्यात, अशी अट निधीला घालण्यासाठी मोठा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही. वार्षिक अहवालात किती दावे आले, किती मान्य झाले, किती फेटाळले आणि एकाच जागी किती खड्डे पुन्हा भरावे लागले, हे आकडे घ्यायला तर आपल्या खात्याचे एक परिपत्रक पुरे आहे. दुरुस्तीस पात्र ठरणाऱ्या खड्ड्याची किमान खोली आणि दुरुस्तीची मुदत यांची एक राष्ट्रीय कमाल मर्यादाही असावी. तिच्याहून कडक नियम करण्याची मोकळीक काउन्सिलांना खुशाल असू द्यावी.

हे पत्र वाचणाऱ्या मराठी बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. आपल्या गाडीला काही झाले नसले, तरी रोजच्या वाटेवरचा खड्डा काउन्सिलच्या संकेतस्थळावर किंवा २००७ पासून चालू असलेल्या फिक्समायस्ट्रीट या तक्रार-संकेतस्थळावर नोंदवावा आणि नोंदीचा क्रमांक जपून ठेवावा. प्राधिकरणाला धोक्याची माहिती होती का, हा कलम ५८ मधला कळीचा प्रश्न आहे, आणि आपली नोंद त्याच्या उत्तराचा पुरावा असते; उद्या तिथे पडणारा सायकलस्वार आपल्या ओळखीचा नसेल, तरी ती त्याच्या कामी येईल. दावा फेटाळला गेलाच, तर माहिती अधिकाराच्या २००० च्या कायद्याखाली पाहणीच्या नोंदी मागता येतात आणि वीस कामकाजी दिवसांत उत्तर देणे काउन्सिलवर बंधनकारक असते. त्यासाठी वकील लागत नाही, साधा ईमेल पुरतो.

महोदया, दाव्यांचे आकडे पुढच्या वार्षिक अहवालांपासून मागवणार का, आणि न्यायाधिकरणाच्या सूचनेवर आपल्या खात्याचे मत काय आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आपण लेखी द्यावीत. ती आली की मराठीत करून याच वाचकांपुढे ठेवीन.

आपला विश्वासू,
इंग्लंडमधील एक मराठी गाडीमालक