रँग्लर परांजपे 1899 लाच संपले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात रँग्लर परांजप्यांवर छोटा लेख आला होता, वाचून बरं वाटलं, कारण आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा माणूस आहे आणि हल्ली त्यांचं नाव काढतंय कोण. पण दोन गोष्टी खटकल्या, त्या लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली म्हणजे लेखात त्यांना ‘पहिले भारतीय रँग्लर’ म्हटलंय. तसं नाहीये. पहिले रँग्लर आनंदमोहन बोस, 1874 चे. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला रँग्लर म्हणायचे आणि त्या सगळ्यांत जो पहिला तो सीनियर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 ला सीनियर रँग्लर झाले, जॉर्ज बर्टविसल यांच्यासोबत बरोबरीने, आणि हे कुठल्याही भारतीयाला त्याआधी जमलं नव्हतं. त्या काळी लॉर्ड केल्विन आणि मॅक्सवेलसारखे मोठे शास्त्रज्ञ दुसरे आलेले, आदल्याच वर्षी पुढे नावाजलेले गणितज्ञ हार्डी चौथे आलेले, म्हणजे ती जागा काय होती ते बघा. तेव्हा परांजपे फक्त 23 वर्षांचे होते.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. लेख तिथेच थांबला! नंबर आला, नाव झालं, संपलं. अहो, माणूस त्याच्यानंतर 67 वर्षं जगला, 1966 ला गेला, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

असा रिझल्ट हातात असलेल्या माणसाला तेव्हा काहीही मिळालं असतं. ते परत आले आणि ज्या फर्ग्युसन कॉलेजात स्वतः शिकले तिथेच गणित शिकवायला उभे राहिले, ते कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून. आजीव सदस्य म्हणजे वीस वर्षांची बांधिलकी आणि महिना पंचाहत्तर रुपये. त्याच कॉलेजात आधी टिळकांनी गणित शिकवलं, ते सोडून गेल्यावर ती जागा धोंडो केशव कर्व्यांनी म्हणजे आपल्या महर्षींनी घेतली, आणि कर्वे हे परांजप्यांचे नात्यातले भाऊ. एका कॉलेजात गणित शिकवणारी ही माणसं बघा आणि त्यांनी पुढे फळ्याबाहेर काय काय केलं ते बघा. 1902 ला परांजपे प्रिन्सिपॉल झाले, वय 26. आज त्या वयाची पोरं नेट-सेट देऊन तासिका तत्त्वावर जागा मिळते का म्हणून हिंडत असतात.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. 1905 ला विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं ते याच परांजप्यांनी, आणि टिळकांनी केसरीत ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ असं लिहिलं. मला स्वतःला तो दंड पटत नाही, शिक्षक म्हणून तर नाहीच नाही. पण परांजपे नेमस्त होते, गोखल्यांच्या पठडीतले, पक्के बुद्धिवादी, जे पटलं ते लोकांना आवडो न आवडो करायचे. ही बाजू पण छापा की, लपवायचं कशाला?

पुढे 1921 ला मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि 1923 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. मला सगळ्यात भारी वाटतं ते 1924 चं. त्या वेळच्या द्विदल राज्यपद्धतीची, म्हणजे प्रांतातली काही खाती मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरच्या हातात अशा पद्धतीची, चौकशी करायला सरकारने मडिमन कमिटी नेमली, त्यात हे होते. ज्या पद्धतीत आपण स्वतः मंत्री होतो ती चालणारी नाही, ती बदला, असं सांगणाऱ्या अल्पमताच्या रिपोर्टवर त्यांनी सही केली, सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जिन्नांच्या बरोबरीने. स्वतःच्याच खुर्चीचं गणित मांडून ते चुकतंय म्हणून सांगायला धमक लागते. मग लंडनला भारतमंत्र्याला सल्ला देणारं इंडिया कौन्सिल, 1932 ते 38 लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, 1944 ते 47 ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर, आणि 1956 ला वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मुलगी शकुंतलाबाई, त्या पण केंब्रिजला गणितच शिकल्या आणि नंतर संततिनियमनाचं काम केलं, राज्यसभेवर होत्या. नात सई परांजपे तर सगळ्यांना माहितीच आहेत.

हे मी एवढं कळवळून का लिहितोय ते सांगतो. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर आहे. आमच्या वाडीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे बसतो. दोन वर्षांपूर्वी अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या तर हा त्यातल्या उचलून मांडत बसला. आधी एक ठेवली, मग तिला कोपऱ्यासारख्या लागून तीन, मग त्याच्या बाहेरून पाच, मग सात, आणि ओरडला, ‘‘सर, दर वेळी चौरसच होतोय!’’ एक, चार, नऊ, सोळा. विषम संख्यांची बेरीज मी त्याला शिकवली नव्हती हो, त्याने ती सुपारीत बघितली. त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही एवढा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, ‘‘सर, हुशार आहे ते कळतंय, पण गणित घेऊन पुढे करणार काय?’’ वाईट माणूस नाही, चार गुंठे बागेवर घर चालवतो, त्याने हे विचारायलाच हवं. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. बँक, इंजिनिअरिंग असं काहीतरी बोललो आणि घरी येऊन चरफडत बसलो, की अरे, याच तालुक्यातला एक माणूस गणित घेऊन कुठे कुठे गेला हे का नाही आठवलं मला!

म्हणून विनंती आहे. एक, ‘पहिले रँग्लर’ची दुरुस्ती छापा. दोन, 16 फेब्रुवारीला त्यांचा जन्मदिवस असतो, येत्या वर्षी त्या दिवशी अख्खं पान द्या, आणि त्यात 1899 चार ओळीत उरका, फर्ग्युसन, मंत्रिपद, लखनौ, पुणे हे सगळं सविस्तर घ्या. फर्ग्युसनमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांच्या घरात कोणाकडे जुन्या वह्या, पत्रं, आठवणी असतील तर वाचकांकडून मागवा. दापोलीकडचं काही लागलं तर मी फिरून गोळा करून देतो.

पोरगा आता दहावीला आहे. तो अंक आला की त्याच्या वडिलांना मी स्वतः नेऊन देणार आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, ता. दापोली