आमच्या ओढ्याची निळी रेघ

संपादक साहेब, नमस्कार.

काल तुमच्या पुरवणीत टाऊन प्लॅनिंगमधल्या, म्हणजे शहर-गावांचे आराखडे करण्याच्या, करिअरची 'सुवर्णसंधी' सांगणारं अर्धं पान वाचलं. एम.प्लॅन ही प्लॅनिंगची मास्टर्स डिग्री दोन वर्षांची, गेट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर अ‍ॅडमिशन, आर्किटेक्ट नि सिव्हिलवाल्यांसोबत भूगोल-अर्थशास्त्रवाल्यांनाही काही ठिकाणी दार उघडं, सगळं बरोबर. पण नीती आयोगानेच २०२१ मध्ये सांगितलंय की राज्यांना १२ हजारांवर टाऊन प्लॅनर लागतात आणि मंजूर पदं ४ हजारसुद्धा नाहीत, त्यातलीही बरीच रिकामी. मग सुवर्णसंधी नक्की कुणाची, ते जाऊ द्या.

'फील्डवर्क हा या कोर्सचा आत्मा' इथे मात्र मी पेपर खाली ठेवला. तो आत्मा आमच्याकडे येऊन गेलाय.

आम्ही मुळशी तालुक्यातले. पाच-सहा वर्षांमागे एका कॉलेजची चौदा पोरं स्टुडिओसाठी, म्हणजे कोर्समधल्या गावपाहणीच्या प्रोजेक्टसाठी, आली, आठ दिवस शाळेत राहिली, जेवायला निम्म्या वेळा आमच्याकडेच. कामाची होती, खोटं कशाला बोलू. त्यातली एक यवतमाळकडची मुलगी आमच्या आईला घेऊन ओढ्याकाठी हिंडायची, श्रावणात पाणी कुठवर चढतं ते आई दाखवणार, ही टेप लावून मोजणार आणि ट्रेसिंगवर निळी रेघ ओढणार, बाभळीच्या बुंध्यावर चिखलाचा डाग होता तोही सोडला नाही. पोरंच सांगायची, मुंबई विद्यापीठात १९१९ पासून शिकवणारे स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस म्हणायचे की आधी पाहणी, मग आराखडा. निघताना ती मुलगी म्हणाली, काका, रिपोर्टची कॉपी ग्रामपंचायतीला देऊ.

अजून देतायत.

मग आला आमच्या भागाचा सरकारी प्रारूप आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी याचा कच्चा नकाशा. त्यात ओढा सुतळीएवढा आणि पिवळा झोन, म्हणजे घरं बांधायची जागा, पार काठापर्यंत. सुनावणीला गेलो तर साहेब म्हणतात, पाणी इतकं वर येतं याला पुरावा काय, असं तोंडी चालत नाही. पुरावा आहे की! कॉलेजच्या कपाटात आहे. फोन केला तर म्हणे बॅच पास होऊन गेली, स्टुडंटचं काम आम्ही बाहेर देत नाही. म्हणजे आईने दाखवलेलं पाणी आईच्याच पोराला बघायला मिळणार नाही, मार्क मात्र त्यांना मिळाले.

आणि हो, त्या आराखड्यावरच्या हरकती-सूचनांची नोटीस तुमच्याच पेपरात आली होती. टेंडरांच्या खाली, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात. मला ती मुदत संपायला चार दिवस असताना शेजाऱ्याने दाखवली, तीसुद्धा वड्याला गुंडाळलेल्या कागदावर. करिअरला अर्धं पान आणि आमच्या जमिनीला दोन बोटं, हा हिशोब तुमच्या जाहिरात विभागाला एकदा विचाराच.

ती मुलगी आता कुठेतरी प्लॅनर झाली असेल. बाळ, हे वाचलंस तर त्या निळ्या रेघेचा फोटो तेवढा ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. आई तुझी आठवण काढते.

— एक वाचक, मुळशी