कान्हेरीचे शिलालेख मराठीतून वाचता यावेत

महोदय,

गेल्या डिसेंबरात चैत्यभूमीवर अभिवादन करण्यासाठी नांदेडहून आलेल्या माझ्या मावशीने परतीच्या गाडीपूर्वी कान्हेरीची लेणी पाहण्याची इच्छा व्यक्त केली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून बसने वर जाऊन आम्ही 3 क्रमांकाच्या लेण्यात पोहोचलो. व्हऱ्हांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या भव्य बुद्धमूर्तींना मावशीने वंदन केले आणि मग भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहत ती म्हणाली, "यात काय लिहिलंय गं?" मी इतिहासाची शिक्षिका असूनही ब्राह्मी मला वाचता येत नाही आणि त्या लेखाचा मराठी अर्थ सांगणारा फलकही आम्हाला आसपास दिसला नाही. दिवसभर लेणी फिरूनही तिचा प्रश्न तसाच राहिला.

घरी येऊन लेखांची भाषांतरे शोधून वाचली, तेव्हा हळहळ अधिकच वाढली. 3 क्रमांकाचे ते लेणे म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेले प्रार्थनागृह; ते सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी खोदवून घेतले. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील अनेक लेखांचे दाते सोपारा, कल्याण, चौल अशा आपल्याच गावांतील गृहस्थ, स्त्रिया, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची 'पोढी', म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिली. नंद नावाच्या कल्याणच्याच लोहाराने वाट बांधून दिली. पोढी हा शब्द सह्याद्रीतील गडांवर हिंडणारी मुले आजही त्याच अर्थाने वापरतात. मी जन्मापासून कल्याणला राहते. माझ्या गावच्या लोहाराने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी बांधलेल्या वाटेची नोंद तिथल्या दगडावर आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आणखी एका लेखात शेताच्या दानासंदर्भात जे गाव येते, ते आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. त्या मागाठाण्याची स्वतःची लेणी आता वस्तीने पार वेढली गेली आहेत. अंधेरीच्या कोंडिवटे, म्हणजेच महाकाली, लेण्यांत स्तूपाभोवती झोपडीसारखी गोल, जाळीच्या खिडक्यांची भिंत दगडातच कोरलेली आहे. अशी रचना पश्चिम भारतात अन्यत्र क्वचितच आढळते, तरीही कित्येक मुंबईकर बसथांब्याच्या नावापलीकडे ती ओळखत नाहीत. मात्र माझी मुख्य विनंती कान्हेरीपुरती आहे, कारण शिलालेखांची एवढी श्रीमंती या शहरात दुसरीकडे नाही. 90 क्रमांकाच्या लेण्यात तर 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

संबंधित खात्याला माझी विनंती आहे, की निदान वीस-पंचवीस महत्त्वाच्या लेखांजवळ, मूळ दगडाला धक्का न लावता, स्वतंत्र उभे फलक बसवावेत आणि त्यांवर मूळ प्राकृत पाठ देवनागरीत, त्याखाली सोपा मराठी अर्थ आणि दात्याचे गाव ठळक अक्षरांत द्यावे. या लेखांचे वाचन विद्वानांनी एकोणिसाव्या शतकापासून केलेले आहे; ते ग्रंथालयातून डोंगरावर नेणे एवढेच काम उरले आहे. 'देयधम' म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, हा एक शब्द समजला तरी सामान्य भाविकाला कितीतरी लेखांत तो स्वतः शोधता येईल. दर वर्षी 6 डिसेंबरला मराठवाडा-विदर्भातून लाखो लोक मुंबईत येतात आणि त्यांतील अनेक जण कान्हेरीलाही जातात. यंदाच्या 6 डिसेंबरपूर्वी निदान 3 क्रमांकाच्या लेण्यापाशी पहिला फलक लागावा. मावशी पुन्हा येणार आहे.

– एक शिक्षिका, कल्याण