डाव्या बाजूच्या खुर्चीतल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दिवे लागले, मी बाबांची काठी शोधत होतो, तेवढ्यात तुम्ही गेलात. म्हणून हे उघड पत्र. पुण्यातल्या त्या फिल्म क्लबातलं कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

बाबा 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. काचबिंदूनं नजर गेली. पडद्यावरची माणसं हलताना दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. सिनेमाचं वेड मात्र तसंच आहे. याआधी दोन ठिकाणी गेलो होतो. एकीकडे मी सबटायटल्स त्यांच्या कानात सांगायला लागलो, तर मागून आवाज आला, "म्हाताऱ्याला घरी टीव्ही लावून द्या." दुसरीकडे संयोजकांनीच उठवलं. बाबा काही न बोलता उठले. जिना उतरताना माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं! राग नव्हता हो, लाज होती. उभा जन्म माणसांना सुखरूप पोचवणाऱ्या माणसाला लाज वाटावी?

त्या दिवशी 'वेस्टर्न' नावाचा फ्रेंच सिनेमा होता, दिग्दर्शक मान्युएल प्वारिएचा, 1997 साली कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालेला. मी अडखळत कुजबुजायला लागलो आणि तुम्ही वळलात. पोटात गोळाच आला माझ्या. तुम्ही विचारलंत, "काका, कुठल्या कानानं नीट ऐकू येतं?"

"डाव्या. उजवा खिडकीकडचा, तो गेला."

तुम्ही उजवीकडे बसला होतात. पर्स, पाण्याची बाटली उचललीत आणि वाकून, कुणाच्या आड न येता, डावीकडे आलात. ताई, हा प्रश्न बाबांना आजवर कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, मीही नाही. आम्ही सगळे नुसता आवाज चढवत होतो.

मग तुमच्या मराठीतून बाबा फ्रान्समधल्या ब्रिटनी भागाच्या रस्त्यांवर फिरले. पाको हा बूट विकत फिरणारा स्पॅनिश माणूस, नीनोला लिफ्ट देतो आणि नीनो गाडीच घेऊन पळतो. पुढे पाको त्याला इतका मारतो की दवाखान्यात न्यावं लागतं. मग पाकोच त्याला भेटायला जातो, आणि दोघं मिळून पायी रस्त्याला लागतात. व्हीलचेअरवरचा बाप्तिस्त येणाऱ्याजाणाऱ्याला 'बाँजूर', म्हणजे त्यांचा नमस्कार, घालून कोण उत्तर देतं ते बघतो, तिथे बाबा मोठ्यांदा हसले आणि तुम्हीही हसलात. नुसता रस्ता दिसायचा तेव्हा तुम्ही गप्प राहायचात. ते गप्प राहणंही बाबांना आवडलं. "बाईला गाडी कुठे न्यूट्रल करायची ते कळतं," घरी आल्यावर म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांच्या कंडक्टरबद्दल बोलत होते. बारा वर्षं एकत्र, कायम भांडण, आणि मुक्कामी गाडीत रात्री एकाच डब्यात जेवण. गेले ते मागच्या वर्षी. तेव्हापासून बाबांनी त्यांचं नाव काढलं नव्हतं.

जगात भली माणसं असतात हे ऐकून होतो. पण भलेपणाला इतकं साधं विचारता येतं, आणि विचारून लगेच जागा बदलता येते, हे त्या दिवशी पाहिलं.

बाबा आता सकाळी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'नमस्कार' घालतात आणि उत्तरं मोजतात. काल अकरा आली.

पुढच्या शनिवारी आम्ही येतोय. बाबांनी सांगितलंय, डावीकडच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेव.