होडीतील शीतपेटी: आधी जाड भिंत, मग कॉम्प्रेसर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारीबंदीत होड्या दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि त्याच दिवसांत मालवण-देवगडकडचे होडीवाले घाट चढून आमच्या शिवाजी उद्यमनगरात कामे घेऊन येतात. जुन्या घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर होडीवर बसवून द्या, अशी मागणी हल्ली त्यांच्याकडून वारंवार होते. शीतकरणाची कामे करणारा कारागीर म्हणून त्याविषयी कळकळीने लिहीत आहे.

माझ्या मेहुण्याच्या होडीसाठी मी पहिली पेटी अशीच केली होती. इन्व्हर्टरवर चालणारा तो कॉम्प्रेसर पहाटेपर्यंत घुं-घुं करून बंद पडे, कारण सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि उतरलेल्या बॅटरीला ते पेलत नाही. मी बॅटरीलाच दोष देत राहिलो. अखेर पेटीची भिंत उघडली, तेव्हा आतली ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवण्यासाठी भरलेली काचेची लोकर, पाणी पिऊन बसली होती. मुठीत पिळली तर खारे पाणी गळत होते. अशा भिजलेल्या भिंतीतून उष्णता आत येतच राहते, म्हणून कॉम्प्रेसर सतत चालून बॅटरी उतरवत होता.

बाहेर ३२ आणि आत २ अंश तापमान धरले, तर सुमारे १०० लिटरच्या पेटीत २५ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या पफमधूनही (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) साधारण ४५ वॅट उष्णता सतत आत येते, म्हणजे दिवसाला जवळपास १२ किलो बर्फ वितळेल इतकी. पफ १०० मिलिमीटरचा केला, तर हेच प्रमाण १५ वॅट आणि ४ किलो बर्फ इतके खाली येते. म्हणून आधी जाड, पाणी न शिरणारी भिंत आणि वरून उघडणारे झाकण करावे. मग बारा व्होल्टवर थेट चालणारा छोटा डीसी कॉम्प्रेसर पुरतो, मात्र त्याची वायर जाड हवी. ताजी मासळी गार करण्याचे काम तरीही बर्फावरच सोपवावे. १० किलो बांगडा ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे ३ किलो बर्फ लागतो; छोट्या कॉम्प्रेसरला त्याच कामासाठी कित्येक तास लागतात. बर्फ टिकवणे, एवढेच यंत्राकडून अपेक्षावे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती कॉम्प्रेसरमधून फिरून गारवा देणाऱ्या गॅसची. काही ठिकाणी सिस्टीममध्ये चक्क स्वयंपाकाचा गॅस भरला जातो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास होडीच्या तळाशी साचून राहतो आणि इंजिनाच्या स्टार्टरची एक ठिणगी स्फोटाला पुरेशी ठरते. जीव धोक्यात घालणारे हे काम कोणत्याही कारागिराने स्वीकारू नये.

येथील आयटीआयने बंदीच्या काळात होडीवाले आणि कारागीर यांच्यासाठी आठवडाभराचा वर्ग घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तसा वर्ग भरला, तर माझा व्हॅक्यूम पंप, गेज आणि ती पहिली भिजलेली पेटी दाखवायला मी स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक रेफ्रिजरेशन कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर