बाबांच्या पाण्याचा हिशेब

ग्वादालाहारा, मेक्सिको,
२९ एप्रिल

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर कृती सांगितली की आई ‘हो हो, कळलं’ म्हणते, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाने करते आणि वर ‘तुझी कृती काही जमली नाही गं’ असं मलाच ऐकवते. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. दादा मोठ्या अक्षरात छापून आणेल. फ्रिजच्या दारावर लावा.

विषय बाबांच्या पाण्याचा आहे.

बाबा, एसटीच्या लेखा विभागात तुम्ही जन्म काढलात. पाच पैशांचा फरक आला तरी रात्री जेवण जात नसे तुम्हाला. पण पाण्याच्या ग्लासांचा तुमचा हिशेब साफ खोटा आहे. मी विचारलं की ‘चार झाले’ म्हणता, आणि मागून आई दोन बोटं दाखवते. मागच्या मे महिन्यात सलाइन लावायची वेळ आली, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं ना? वय झालं की अंगाला पाणी हवं असतं, पण तहान लागत नाही. तुमचं उत्तर तयारच होतं: ‘तहान नाही तर प्यायचं कशाला?’ वर्ध्याच्या ४५ अंशांत!

तर यावर मला इथे एक उपाय सापडलाय. माझा नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंचा. त्यांचे वडील पंच्याऐंशीचे आहेत आणि पाण्याच्या बाबतीत तुमचे सख्खे भाऊ शोभतील. बाई त्यांच्याशी वाद घालतच नाहीत. दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या हातात लिंबाची एक बर्फाची कांडी देतात. आजोबा अंगणात खुर्ची टाकून ती सावकाश संपवतात, काडी चाटून घेतात आणि कधीकधी दुसरी मागतात. माझ्या साच्यात ९० मिलिलिटर मावतं. म्हणजे दोन कांड्यांत जवळजवळ ग्लासभर पातळ पोटात गेलं, आणि ‘पाणी प्या’ असं कोणीही म्हटलेलं नाही.

या कांडीला इथे ‘पालेता’ म्हणतात, विकणाऱ्याला पालेतेरो आणि दुकानाला पालेतेरिया. इथला उन्हाळाही आपल्यासारखाच एप्रिल-मेचा, जूनमध्ये पाऊस आला की संपतो. पारा ३४-३५ला गेला की लोक हाय हाय करतात, मी गप्प बसते. त्या दिवसांत पालेतेरो घंट्या लावलेली ढकलगाडी घेऊन चौकाचौकांत फिरतो. घंट्या ऐकल्या की मला आपल्या गल्लीतला आइसकांडीवाला आठवतो, सायकलच्या मागे लाकडी पेटी आणि हातात भोंगा. आणि लगेच तुमचं वाक्यही आठवतं: ‘गटाराचं पाणी असतं ते!’ मला आणि दादाला सगळ्या बालपणात मिळून एकूण तीन कांड्या मिळाल्या, त्यातल्या दोन चोरून. तेव्हा बाबा, ही कांडी तुमच्याच घरातल्या फिल्टरच्या पाण्याची आहे. आक्षेपाला जागा नाही.

इथली दुकानं बघायला तुम्हाला आवडलं असतं. शेजारच्या मिचोआकान राज्यात तोकुंबो नावाचं छोटंसं गाव आहे. तिथली माणसं गेल्या शतकाच्या मध्यावर मेक्सिको शहरात जाऊन कांड्यांची दुकानं काढू लागली. मग भाऊ, मेहुणा, पुतण्या असं करत अख्खं गाव त्या धंद्यात देशभर पसरलं. आज कुठल्याही गावात जा, ‘मिचोआकाना’ नावाचं गुलाबी रंगाचं दुकान दिसतंच. ती सगळी एका मालकाची नाहीत, घराघराची वेगवेगळी आहेत. आणि तोकुंबोच्या वेशीवर पुतळा कोणाचा असेल? एका भल्यामोठ्या कांडीचा.

दुकानात दोन फळ्या असतात, पाण्याच्या कांड्यांची आणि दुधाच्या कांड्यांची. पाण्याच्यात लिंबू, आंबा, चिंच, काकडी, अननस, टरबूज. दुधाच्यात नारळ, स्ट्रॉबेरी आणि चक्क तांदळाची खीर, दालचिनी आणि बेदाणे घातलेली. आई, ती खाल्ली तेव्हा मला हसू आलं. उरलेली खीर फ्रीजरमध्ये राहिली की तू ‘वाया गेली’ म्हणून हळहळायचीस. इथे तिचे पैसे घेतात.

कांड्या गोठवतात कशा, हे मात्र बाबांसाठी. स्टीलचे साचे थंडगार खाऱ्या पाण्याच्या हौदात उभे करतात. मिठामुळे ते पाणी शून्याखाली बरंच उतरलं तरी गोठत नाही, आणि साच्याला चारही बाजूंनी भिडतं. त्यामुळे आतला रस झपाट्याने गोठतो. झपाट्याने गोठला की बर्फाचे कण बारीक राहतात आणि कांडी दाताला मऊ लागते. आता सांगा, हे तुम्हाला नवीन आहे का? सुट्टीतल्या रविवारी शेजाऱ्यांचा आइस्क्रीमचा पॉट मागून आणायचो. लादीचा बर्फ गोणपाटात घालून फोडायचा, त्यावर खडेमीठ टाकायचं, आणि हँडल तुम्ही फिरवायचात. दर पाच मिनिटांनी मी ‘झालं का?’ विचारायची. तेच शास्त्र आहे. फक्त इथे हँडल नाही.

घरच्या फ्रीजरला तेवढी घाई जमत नाही, म्हणून आपण साखरेची मदत घ्यायची. आई, हा भाग नीट वाच, कारण तू इथेच हात आखडशील. साखर नुसती गोडीसाठी नसते. साखरेचं पाणी साध्या पाण्यासारखं कडक गोठत नाही, म्हणून कांडी चावता येते. मी पहिल्यांदा शहाणपणा करून टरबुजाचा नुसता रस गोठवला. टरबूज म्हणजे सगळं पाणीच. असा दगड झाला की चावताना माझी दाढ ठणकली, आणि ओढताना काडी हातात आली, कांडी साच्यात राहिली. खालच्या बाई पोट धरून हसल्या. बाबांची कवळी आहे, तेव्हा हा प्रयोग तिथे नको.

आता कृती. वाटी म्हणजे आपली आमटीची, चमचा म्हणजे पोह्याचा.

लिंबाची आधी करा, सगळ्यात सोपी. इथलं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच, तेच लहान, पातळ सालीचं. चार वाट्या पाण्यात पाऊण वाटी साखर घालून पूर्ण विरघळू दे. ‘विरघळेल आपोआप’ असं म्हणू नकोस. न विरघळलेली साखर साच्याच्या तळाशी बसते, मग कांडीचं टोक पाकासारखं आणि काडीकडची बाजू फिक्की पाणी. मग चार-पाच लिंबांचा रस आणि चिमूटभर मीठ. एका लिंबाची हिरवी साल किसून घातलीस तर वास छान येतो, पांढरा भाग मात्र येऊ देऊ नकोस, कडू होतं. चव घेशील तेव्हा सरबत थोडं जास्त गोड वाटलं पाहिजे. गार झाल्यावर जिभेला गोडी कमी लागते.

आंब्यासाठी तीन वाट्या रस, एक वाटी पाणी, चार चमचे साखर, एका लिंबाचा रस, मीठ. आंबा गावरान असेल तर रस गाळून घे, रेषा काडीला गुंडाळतात. बैगनफल्ली असेल तर गाळायला नको, उलट थोड्या फोडीही टाक. आंब्याला स्वतःचा गर असतो, म्हणून ती कांडी पाण्याच्या कांडीपेक्षा नेहमीच मऊ होते. बाबांना हीच जास्त मानवेल. इथे आंब्याच्या कांडीला तिखट-मीठ लावून खातात. सुक्या मिरचीची पूड, मीठ आणि वाळवलेल्या लिंबाचा आंबटपणा असं तयार मिश्रण बाटलीत मिळतं. आपण काश्मिरी तिखट, मीठ आणि आमचूर एकत्र केलं की झालं. कैरीला तिखट-मीठ लावणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको. गंमत म्हणजे आंबा इथला नाहीच, स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्समार्गे आला. म्हणून इथल्या एका जातीचं नावच ‘मनिला’ आहे. मिरची मात्र अस्सल इथली. आणि आई, तुझा आवडता चिकूसुद्धा!

तिसरी खास आपल्या भागासाठी. इथे ‘हामायका’ नावाचं गडद लाल सरबत घरोघरी असतं, आणि त्याच्या कांड्याही होतात. पहिल्यांदा बाजारात त्या सुकलेल्या लाल पाकळ्या बघितल्या आणि ओळख पटली. लाल अंबाडीची बोंडं! आजी त्यांचं सरबत करायची तेच. सुकवलेली मूठभर बोंडं चार वाट्या पाण्यात पाच मिनिटं उकळ, गार कर, गाळ, पाऊण वाटी साखर घाल. पांढऱ्या साडीवर सांडू नकोस.

आई, तुझ्यासाठी काकडीची. दोन काकड्या सोलून मिक्सरमधून काढ, एक वाटी पाणी, दोन लिंबं, मीठ, आणि साखर अगदी दोनच चमचे. तुझी मागच्या महिन्यातली रक्तातली साखर मी विसरलेली नाही. आंबा आणि लिंबाच्या कांडीतली किती चालेल, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नकोस. ‘चव बघते’ म्हणून पाच चमचे पिणं हेही खाण्यातच धरलं जातं. काकडीची कांडी कडक होणार, तिला इलाज नाही. खायच्या आधी सात-आठ मिनिटं ताटलीत बाहेर ठेव.

साचे विकत आणू नका. माळ्यावर हिरव्या ट्रंकेत कुल्फीचे अॅल्युमिनियमचे साचे असतील. पण ते फक्त दुधाच्या कांड्यांना. लिंबू, चिंच, अंबाडी अॅल्युमिनियममध्ये नको, आंबटाने धातूची चव उतरते. त्यांना स्टीलची फुलपात्री घ्या. पाऊण भरा, काठोकाठ नको, कारण पाणी गोठताना फुगतं. वर फॉइल घट्ट बसवा, मध्ये चीर द्या आणि तासा-दीड तासाने, रस जरा घट्ट झाला की, काडी खोचा. आधी खोचली तर वाकडी होते. काड्या शाळेच्या हस्तकलेच्या सामानात मिळतात, पण खायच्या आहेत असं दुकानदाराला सांगून साध्या, बिनरंगाच्या घ्या.

आपल्या फ्रिजचा फ्रीजर एकदारी आणि म्हातारा आहे. आधी त्यातला साचलेला बर्फ वितळवून काढा. रात्री जेवणं झाली की साचे ठेवा आणि झोपताना काड्या खोचा, म्हणजे नंतर दार सारखं उघडलं जात नाही. सकाळपर्यंत होतील. दिवसा लाइट बराच वेळ गेली आणि कांड्या पाघळल्या तर परत गोठवू नका, खडेच खडे होतात. सरळ सरबत म्हणून पिऊन टाका. पोटात पाणी गेल्याशी मतलब. काढताना साचा नळाच्या साध्या पाण्यात काही सेकंद धरायचा, काडी खेचायची नाही. ही अक्कल मला त्या टरबुजानंतर आली.

एक मात्र आहे. बाबांना चक्कर आली, लघवी कमी झाली, तर कांडी देत बसू नका. जलसंजीवनी द्या आणि दादाला फोन करा. मला नंतर करा. तुमच्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा माझ्याकडे पहाटेचे साडेचार असतात, पण फोन उशाशीच असतो.

मे महिन्यात येते म्हणाले होते आणि रजा मिळाली नाही, हे आई अजून बोलून दाखवत नाही, पण तिच्या ‘बरं’ मधून मला कळतं. दिवाळीला नक्की येतेय, तिकीट काढलंय. येताना त्या तिखटाची बाटली आणते.

बाबा, तुमच्या त्या जुन्या लाल वहीत एक पान आखा. तारीख, कांडीचा प्रकार, किती खाल्ल्या. सही आईची. तुमची सही चालणार नाही, तुम्ही पक्षकार आहात.

तुमची,
धाकटी

ता. क. माळ्यावर बाबांनी चढायचं नाही. समोरच्या घरातल्या मुलाला सांगा. पहिली आंब्याची कांडी त्याची.